साडेपाचच्या आधीचं दूध

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी खातं नंबर १७ किटली घेऊन दारात उभी असते. पाऊस असो, धुकं असो, तिच्या घरी पाहुणे असोत. तिची म्हैस साडेचारला पान्हवते, त्याला ती तरी काय करणार. नावं मी लिहीत नाही, गाव लहान आहे, नंबरानंच चालवू. तर या १७ नंबरचं सकाळचं दूध माझ्या लॅपटॉपवर सलग चार दिवस आदल्या दिवसाच्या तारखेला पडत होतं. तिच्यामागून पावणेसहाला येणारा २२ नंबर मात्र बरोबर आजच्या तारखेला. काटा एकच, फॅट मशीन एकच, टाईप करणारी मीही एकच. ते का होत होतं ते सांगते, पण त्याआधी जँगो नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर दुधाची वही बांधायच्या या फंदात पडले कशाला ते.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटी रस्त्याला. घराच्या पडवीतच दूध संकलन केंद्र आहे. मामंजी ते पंचवीस वर्षं चालवतायत. त्रेचाळीस खाती, सकाळ-संध्याकाळ दूध. वजन करायचं, फॅट बघायचं, डिग्री म्हणजे दूध किती दाट ते बघायचं, दराच्या तक्त्यावर बोट ठेवून दर काढायचा, वहीत लिहायचं. कॅन भरले की टेम्पो येतो. दर दहा दिवसांनी बिल. बिलाच्या आदल्या रात्री आमच्याकडे कुणी मोठ्यानं बोलत नाही. मामंजी कॅल्क्युलेटर घेऊन बसतात, मी आकडे वाचून दाखवते, आणि अकराच्या सुमाराला कुठेतरी चुकलेलं असतं म्हणून पुन्हा पहिल्यापासून. मी बेळगावात बी.कॉम. केलंय. लग्नाआधी वाटायचं, बी.कॉम.चा उपयोग व्हावा. झाला तो असा.

मागच्या दिवाळीनंतर एक माणूस दुधाचं सॉफ्टवेअर विकायला आला होता. दिसायला छान होतं. पण वर्षाचे पैसे वर्षाला भरायचे, हिशेब सगळा त्यांच्याकडे कुठेतरी, आणि नेट नसलं तर? "मग नेट येईपर्यंत थांबायचं की," म्हणाला. मामंजी हसले. आमच्याकडे मृगापासून गणपतीपर्यंत नेट म्हणजे देवाची कृपा, लाईटचंही तेच. दूध थांबत नाही. त्याला चहा देऊन पाठवलं.

नणंदेचा मुलगा बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीला आला तेव्हा त्याला हे सांगितलं, तर म्हणाला, "मामी, तुम्हीच करा की. जँगोत होतं हे. फुकट आहे." मी आधी ते नाव वाचलं डीजँगो. तो इतका हसला की अत्याही (माझ्या सासूबाई) आतून बघायला आल्या काय झालं म्हणून. जँगो म्हणजे वेबसाईट बांधायचं तयार सामान, फ्रेमवर्क म्हणतात त्याला. पहिलं अक्षर डी, पण ते उच्चारायचं नाही. जँगो राइनहार्ट नावाच्या गिटारवाल्याचं हे नाव. जन्म १९१० चा, बेल्जियमचा. १९२८ मध्ये राहत्या गाडीला आग लागली आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं कामातून गेली. उरलेल्या बोटांवर त्यानं असं काही वाजवलं की अजून लोक ऐकतात. मामंजींना या सगळ्या प्रकरणात मनापासून आवडलेली गोष्ट ही एकच. "दोन बोटांवर?" असं त्यांनी तीनदा विचारलं.

मला आवडली ती दुसरी गोष्ट. हे जँगो कुठल्या मोठ्या कंपनीत जन्मलेलं नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यात लॉरेन्स म्हणून गाव आहे, तिथल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वर्तमानपत्रात एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोघे वेबसाईटचं काम करत होते. २००३ च्या सुमाराला त्यांनी हे बांधायला घेतलं. बातमीदारानं येऊन म्हणायचं, हे आज हवंय, आणि ते आजच द्यायचं. त्या घाईत तेच तेच काम पुन्हा करावं लागू नये म्हणून बांधलं, आणि जुलै २००५ मध्ये बीएसडी परवान्याखाली सगळ्यांसाठी खुलं केलं. २००८ पासून जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन ही ना-नफा संस्था ते सांभाळते. म्हणजे ज्यांना कोड येत नाही अशा बातमीदारांना बसून माहिती भरता यावी, हा विचार त्यात मुळापासूनच आहे. तिथे बातमीदार, इथे मी.

फ्रेमवर्क म्हणजे काय, हे मामंजींनी विचारलं तेव्हा मी त्यांच्याच वहीकडे बोट दाखवलं. वही आपण बांधत नाही. कागद कापून, शिवून, पुठ्ठा लावून, पानांना नंबर घालून दुकानात तयार मिळते. रेघा कुठे ओढायच्या, कुठल्या रकान्यात काय लिहायचं, ते मात्र आपलं आपण. जँगो ही ती बांधलेली वही. लॉगिन, पासवर्ड, फॉर्म, डेटाबेसशी बोलणं हे सगळं शिवून आलेलं. मामंजी म्हणाले, "मग वही आहेच की आपल्याकडे." या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

लॅपटॉप घेतला बेळगावातून, जुना. बॅटरी वीस मिनिटं टिकते. जँगो पायथन या भाषेत लिहिलेलं आहे, म्हणून आधी पायथन टाकलं. जँगोची ५.२ ही आवृत्ती घेतली, कारण ती एलटीएस आहे, म्हणजे जास्त काळ सांभाळली जाणारी. एप्रिल २०२५ मध्ये आली, आणि तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या एप्रिल २०२८ पर्यंत येत राहणार. दर आठ महिन्यांनी नवं बघत बसायला मला वेळ नाही. तिला पायथन ३.१० किंवा त्याच्या पुढचं लागतं, एवढं बघून घ्या.

पहिला आठवडा कोड लिहिण्यात गेला नाही, दारातच गेला. भाच्यानं सांगितलेलं, आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट कर. म्हणजे या एका कामापुरता पायथनचा वेगळा डबा, म्हणजे इकडचं तिकडे मिसळत नाही. डबा झाला. उघडायला गेले तर विंडोजच्या पॉवरशेलनं लाल अक्षरांत सांगितलं की या सिस्टीमवर स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे. माझ्याच लॅपटॉपवर मला बंदी! दोन संध्याकाळी त्यात गेल्या. उपाय काय, तर पॉवरशेल सोडायचं आणि साधं काळं कमांड प्रॉम्प्ट घ्यायचं. तिथे तोच डबा मुकाट उघडला. मग पिप इन्स्टॉल जँगो, दीड मिनिटात काम. दुसऱ्या दिवशी लाईट गेली, लॅपटॉप बंद पडला, परत चालू केला तर म्हणतो, जँगो नावाचं मॉड्यूलच नाही. काल तर होतं! मी सगळं काढून पुन्हा टाकलं. तेव्हाही होईना, मग भाच्याला फोन. तो म्हणाला, "मामी, डबा उघडलात काय?" कमांड प्रॉम्प्ट नव्यानं उघडला की डबाही नव्यानं उघडावा लागतो. ओळीच्या सुरुवातीला कंसात डब्याचं नाव दिसत असेल तर तो उघडा आहे. आता मी काही करायच्या आधी तो कंस बघते, गॅसचं बटण बघावं तसं.

जँगोच्या साईटवर शिकायला एक धडा आहे, त्यात मतदानाचं ॲप करायला लावतात. एक प्रश्न, खाली पर्याय, मत द्यायचं. इतर कुठलाही कोर्स न बघता तोच आधी पूर्ण करा असं मी सांगेन, आळस आला तरी. मी प्रश्न घातला, "कुंदा की मांडे?" घरातल्या सगळ्यांना मत द्यायला लावलं. सहा जणांच्या घरात कुंद्याला सतरा मतं पडली. आमचे हे उद्यमबागेतनं कामावरनं आले आणि बसून पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिले. एका माणसाला एकच मत, असं त्या धड्यात कुठे लिहिलेलंच नाही. जे सांगितलं नाही ते जँगो करत नाही. तेव्हा हसले, पण पुढे दुधाला हेच नडलं.

मग आमचं काम. स्टार्टप्रोजेक्ट आणि स्टार्टॲप या दोन वेगळ्या कमांड आहेत, आणि सुरुवातीला दोन का ते कळत नाही. प्रोजेक्ट म्हणजे आमचं अख्खं केंद्र. ॲप म्हणजे त्यातलं एकेक काम: दुधाचं वेगळं, पेंडीचं वेगळं. ॲप केल्यावर त्याचं नाव सेटिंग्जमधल्या इन्स्टॉल्ड ॲप्सच्या यादीत घालायचं असतं. मी विसरले. मॉडेल लिहिलं, मेकमायग्रेशन्स चालवलं (दोन्ही काय ते पुढे सांगते), तर उत्तर आलं, काही बदल दिसत नाही. मी आख्खं पान लिहिलंय आणि हा म्हणतो बदल नाही! रेशन कार्डात नाव नसलेल्या माणसासारखं ते. घरात आहे, पण कागदावर नाही.

मॉडेल म्हणजे वहीच्या रेघा. मी मामंजींची वही मांडीवर घेऊन बसले. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, कोपरे दुधानं कडक झालेले. तारीख, खातं, लिटर, फॅट, डिग्री, दर, रक्कम. सात रकाने. उजवीकडे समासात पेन्सिलीनं बारीक काहीबाही लिहिलेलं असतं, ते मी सोडून दिलं. सात रकान्यांचं मॉडेल अर्ध्या तासात लिहून झालं. मेकमायग्रेशन्स म्हणजे कुठे रेघ ओढायची त्याचा कच्चा कागद, मायग्रेट म्हणजे प्रत्यक्ष ओढणं. मग क्रिएट सुपरयूजर, म्हणजे सगळे हक्क असलेलं आपलं लॉगिन. इथे एक सांगून ठेवते. पासवर्ड टाईप करताना पडद्यावर काहीच दिसत नाही, ठिपकासुद्धा नाही. मी कीबोर्ड बिघडला समजून उलटा करून झटकला होता. आतून शेंगदाण्याचं टरफल पडलं, ते वेगळं.

रनसर्व्हर म्हटलं, म्हणजे लॅपटॉपवरच साईट चालू केली, ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ आणि पोर्ट ८०००, त्यापुढे ॲडमिन. लॉगिन केलं आणि आपली दुधाची वही तिथे समोर! ॲडमिनच्या फाईलमध्ये मॉडेलचं नाव एका ओळीत नोंदवलं होतं तेवढंच, एकही पान मी बनवलेलं नव्हतं. भरायचा फॉर्म, यादी, पुसायचं बटण, सगळं जँगोनं त्या सात रेघांवरून स्वतः तयार केलेलं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे होणार.

आता गमती. पहिलं दूध भरलं तर यादीत दिसतं "दूध ऑब्जेक्ट १". दुसरं, "दूध ऑब्जेक्ट २". ओळीला काय म्हणून हाक मारायची ते आपण सांगितलं नाही तर तो नंबरानं हाक मारतो. (मी वर करतेय तेच.) मॉडेलमध्ये एसटीआर नावाचं छोटं फंक्शन लिहिलं की संपलं. आणि मराठी नाव दिलं "सभासद", तर मेनूत त्या शब्दाच्या शेपटीला इंग्रजी एस लागलेला! जँगो अनेकवचन करतो म्हणजे नुसता एस चिकटवतो, शब्द कुठल्याही भाषेचा असो. व्हर्बोज नेम प्लुरल वेगळं द्यावं लागतं. सेटिंग्जमध्ये भाषेचा कोड एमआर केला की ॲडमिन मराठीत येतो. काही मराठीत, काही इंग्रजीतच, पण चालतंय. कन्नडचा कोड केएन, तोही आहे.

पैशाचा रकाना मी आधी फ्लोट, म्हणजे दशांशाचा साधा प्रकार, केला होता. पायथनमध्ये शून्य पूर्णांक एक अधिक शून्य पूर्णांक दोन करून बघा, उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. फ्लोटचं असंच असतं, मशीन आतून दोनाच्या घातांत मोजतं. दुधाच्या हिशेबात असली शेपूट कुणी खपवून घेणार नाही. डेसिमलफील्ड घ्या, किती अंक आणि दशांशापुढे किती ते सांगा. तरी पुढे एक काटा होताच. साडेचार लिटर दूध, दर ३३ रुपये २५ पैसे. रक्कम १४९.६२५. मामंजी लिहितात १४९.६३. माझा लॅपटॉप म्हणतो १४९.६२. एका पैशासाठी मी रात्री साडेदहापर्यंत बसले. पायथनची मूळ पद्धत अशी की बरोबर अर्ध्यावर आलं की जवळच्या सम अंकाकडे न्यायचं. बँकांमध्ये तशी चाल आहे म्हणतात. आमच्या पडवीत अर्धा पैसा नेहमी दूध घालणाऱ्याचा. मामंजींना ते नियम म्हणून कुणी सांगितलेलं नाही, त्यांना ते सरळ वाटतं. मग कोडमध्ये राउंड हाफ अप असं स्पष्ट लिहिलं.

आणि ते १७ नंबरचं दूध. तारीख हातानं भरायची कशाला, नोंद होईल ती वेळ आपोआप पडू दे, म्हणून मी डेटटाइमफील्डला ऑटो नाऊ ॲड लावलं होतं. पाचव्या दिवशी दिवसवार बेरीज काढली तर कुठलाच दिवस जुळेना. मी १७ नंबरच्या ओळी समोर घेतल्या. सकाळचं दूध, वेळ रात्रीचे ११.४०. माझा घोटाळा समजून पुसून पुन्हा भरलं. दुसऱ्या पहाटे मुद्दाम भिंतीवरच्या घड्याळात बघून भरलं, पाच दहा. पडद्यावर, रात्रीचे ११.४०, तारीख कालची. त्यानंतर ९ नंबर आला पाच वीसला, ११.५०. मग २२ नंबर पावणेसहाला, आणि पडद्यावर आजची तारीख, १२ वाजून १५ मिनिटं. मी तशीच काट्यापाशी उभी राहून बोटांवर मोजलं. साडेपाच तास. ज्यांचं दूध साडेपाचच्या आधी येतं ते सगळे काल, नंतरचे आज. नवीन प्रोजेक्ट केला की जँगोच्या सेटिंग्जमध्ये टाइमझोन यूटीसी (जगाची प्रमाणवेळ) लिहिलेला असतो, आणि भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. लॅपटॉपसाठी दिवस उजाडत होता तो आमच्या साडेपाचला.

तिथे एशिया कोलकाता लिहिलं आणि सर्व्हर पुन्हा चालू केला. जुनी एकही ओळ हलवावी लागली नाही, सगळ्या आपापल्या दिवशी येऊन बसल्या. जँगो वेळ आत यूटीसीतच ठेवतो, दाखवताना आपल्या वेळेत फिरवतो. हे कळल्यावर त्याच्याबद्दलचा राग गेला.

पण मामंजींना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, "लाईट गेली की मी चिठ्ठीवर लिहितो, तू दुपारी भरतेस. मग ते दुपारचं दूध काय?" बरोबरच होतं. नोंद कधी झाली आणि दूध कधी आलं या दोन वेगळ्या गोष्टी. मग तारखेचा रकाना वेगळा, सकाळ-संध्याकाळचा रकाना वेगळा, आणि नोंदीची वेळ आपली मागे राहू दे. वहीत तसंच होतं की! "सकाळ" असं एका अक्षरात, नुसतं "स", तारखेच्या पुढे. मी ते रकाना म्हणून मोजलंच नव्हतं.

कुंद्याचा धडा आठवून एक नियम घातला: एका खात्याचं, एका तारखेला, एका वेळी एकच दूध. युनिककन्स्ट्रेंट म्हणतात त्याला, चुकून दोनदा भरलं तर जँगो अडवतो. दोन दिवस मी खूष. तिसऱ्या दिवशी ३१ नंबर दोन किटल्या घेऊन आली, एकीत गाईचं, दुसरीत म्हशीचं. गाईचं भरलं. म्हशीचं घेईना. तिच्यामागं चार जण उभे, पाऊस सुरू, आणि मी पडद्याकडे बघतेय. ती म्हणाली, "काय ओ, म्हशीचं नको काय आज?" मामंजींनी न बोलता वही ओढली आणि लिहून टाकलं. त्या रात्री नियमात जनावरही घातलं.

नावांचं तर विचारू नका. आमच्या भागात एका माणसाची तीन नावं असतात. मामंजींच्या वहीत मराठीत, रेशन कार्डावर कन्नडमध्ये, बँकेच्या पासबुकात इंग्रजीत, आणि तिन्हीकडे स्पेलिंग आपापलं. इंग्रजीत आडनाव आधी, कन्नडमध्ये वडिलांचं नाव गाळलेलं, मराठीत घरातलं हाकेचं नाव. मी मॉडेलमध्ये तिन्ही रकाने ठेवले आणि ओळख मात्र खाते नंबरावर. कुणाला पावती कन्नडमध्ये हवी तर कन्नड नाव छापायचं. एक दिवस हौस म्हणून वाटलं, आसपासच्या गावांची पानं नावानं असावीत, पानाच्या वेब-पत्त्यात आकडा नको. त्यासाठी स्लगिफाय नावाचं फंक्शन आहे. माझ्या माहेरचं नाव घातलं, बेळगुंदी. उत्तर, काहीच नाही, रिकामं. युनिकोड, म्हणजे देवनागरीसारख्या लिपीही, चालू दे असं सांगितलं, तर आलं "बळगद". खानापूर घातलं तर "खनपर". मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार, सगळे धुऊन काढले! पायथनला अक्षर म्हणजे क, ख, ग. काना-मात्रा त्याच्या हिशेबी अक्षरात धरत नाहीत, म्हणून गाळणीतून जातात. माहेराची ही दशा बघून मी मुकाट्यानं पत्त्यात नंबर ठेवले. पायथनला देवनागरी आकडे मात्र कळतात, हे नवलच. शेलमध्ये देवनागरीत लिहिलेलं ४.५ डेसिमलला दिलं तर बरोबर साडेचार धरतो. काना कळत नाही, पण आपला चार कळतो.

पडवीत लॅपटॉप नेत नाही, दूध सांडतं. मोबाईलवरून भरायचं म्हणून रनसर्व्हर ०.०.०.० वर चालवला आणि दोन्ही एकाच हॉटस्पॉटवर घेतले. याला नेट लागत नाही, हे त्या विकणाऱ्या माणसाला सांगायला हवं होतं. मोबाईलवर पान उघडलं तर पिवळ्या पट्टीत एरर, हा होस्ट ओळखीचा नाही. पण त्याच ओळीत पुढे लिहिलेलं, हा पत्ता अलाउड होस्ट्समध्ये घाला. जँगोच्या चुका वाचायला शिका, एवढं एकच शिकवणीसारखं सांगते. घाबरून वरची ओळ वाचून बंद करू नका, शेवटची ओळ वाचा, पुष्कळदा उपाय तिथेच असतो. रनसर्व्हर घरापुरता ठीक आहे, जगाला दाखवायला तो वापरू नका असं जँगोच्या माहितीत स्पष्ट लिहिलंय. मला जगाला दाखवायचंही नाही. रोज रात्री डेटाबेसची एक फाईल पेन ड्राईव्हवर घेते आणि तो पेन ड्राईव्ह तांदळाच्या डब्यात ठेवते. अत्यांनी दोनदा तांदळाबरोबर निवडून बाजूला काढलाय.

एकदा हात पोळता पोळता वाचला. ८ नंबरनं म्हैस विकली, खातं बंद. मी त्याला यादीतून काढायला गेले. ॲडमिननं लगेच पुसलं नाही, आधी एक पान दाखवलं: याच्याबरोबर हेही जाईल. खाली लांबच लांब यादी, त्याचं आजवरचं सगळं दूध. धड्यात असतं तसं मी ऑन डिलीटला कॅस्केड लिहिलेलं, मूळ गेलं की फांद्याही जायच्या. तिथे प्रोटेक्ट लिहिलं, आणि सभासदाला "चालू / बंद" असा एक रकाना दिला. म्हैस काय, पुन्हा घेईल.

एप्रिलची तीन बिलं आम्ही दोन्हीकडे केली. मामंजी वहीत, मी लॅपटॉपवर. दुधाची रक्कम पैशाला पैसा जुळली. चौथ्या बिलाला मामंजी म्हणाले, "आता तुझ्याच कागदावरून वाटूया." ही त्यांच्याकडून मोठीच गोष्ट. वाटलं. संध्याकाळी ३१ नंबर परत आली, सहाशे चाळीस रुपये जास्त आले म्हणून सांगत. पदराला बांधून आणलेले. "पेंडीचं पोतं नेलं होतं की मी."

ते पोतं वहीत होतं. समासात, पेन्सिलीनं, जे मी सोडून दिलं होतं तिथे.

त्याच रात्री बसले. बिलाच्या मॉडेलमध्ये पेंड कपात असा नवा रकाना लिहिला, मेकमायग्रेशन्स म्हटलं. जँगो थांबला आणि विचारलं: जुन्या ओळींत हा रकाना नव्हता, तिथे काय भरू? एक, आत्ता काहीतरी किंमत सांग. दोन, बाहेर पड आणि मॉडेल नीट कर. मामंजी शेजारी चहा पीत बसलेले. मी वाचून दाखवलं. जुनी बिलं १७२. म्हटलं, शून्य घालते.

"कुणाला शून्य?"

"सगळ्यांना. मग नंतर दुरुस्त करू."

त्यांनी कप खाली ठेवला. "एकदा शून्य लिहिलं की मग ते कोण बघतंय. त्याला रिकामं ठेवता येत नाही काय? मी समास कोरा सोडतो तसं?"

येतं. रिकामं वेगळं आणि शून्य वेगळं, दोन्ही जँगोला कळतं, नल इक्वल्स ट्रू म्हणून लिहायचं फक्त. मी दोन दाबून बाहेर पडले, मॉडेलमध्ये तेवढं घातलं आणि पुन्हा चालवलं. या वेळी त्यानं काही विचारलं नाही. तोवर मामंजी आतून मागच्या महिन्याची वही घेऊन आले होते, चष्मा कपाळावर, आणि वही दिव्याखाली तिरकी धरून समासातली पेन्सिल वाचायला लागले. "घे. खातं चार, एक पोतं, तीन तारीख. खातं अकरा, अर्धं."